फाटकावरच्या माठाचं लेखाशीर्ष

शहराला पाणी किती लागतं हा प्रश्न पालिकेच्या पाणी व सांडपाणी खात्यात कुणाला कधी पडत नसे, कारण त्याचं उत्तर कपाटात ठेवलेलं होतं. अंदाजपत्रकाचे दिवस आले की कपाटातून मागच्या वर्षीचं अंदाजपत्रक काढायचं, धूळ झटकायची, प्रत्येक आकड्यावर दहा टक्के चढवायचे आणि खाली सही ठोकून वर पाठवायचं, अशी पद्धत होती. हे काम इतकी वर्षं एकाच गृहस्थांकडे होतं की खात्यात त्यांना सगळे 'दहाटक्के' म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग समोर म्हणू लागले, आणि पुढे पुढे पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठेच उरलं नाही.

या नावापायी त्यांना एकदा फार सोसावं लागलं होतं. बाहेरगावाहून आलेल्या एका कंत्राटदाराने नुसतं नाव ऐकून काय तो अर्थ लावला आणि एक जाड पाकीट घेऊन तो त्यांच्या टेबलापुढे येऊन बसला. दहाटक्क्यांनी त्याला पाकिटासकट बाहेर काढलं. दुःख त्याचं नव्हतं. जाता जाता तो शिपायाला म्हणाला होता, "साहेबांना कमी वाटले असतील." हे वाक्य त्यांच्या मनात अजून अधूनमधून ठसठसत असे, विशेषतः जेवताना.

तर अशा सुरळीत चाललेल्या खात्यावर नव्या मुख्य अधिकारी बाई आल्या. वयाने त्या दहाटक्क्यांच्या धाकट्या बहिणीएवढ्या होत्या, पण खुर्ची मोठी म्हणून त्या मोठ्या बाई. पहिल्याच बैठकीत त्यांनी अंदाजपत्रक उघडलं आणि दरडोई पाण्याच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"हा आकडा कुठून आला?"

"मागच्या वर्षीच्यावरून, बाई."

"मागच्या वर्षी कुठून आला?"

"त्याच्या मागच्या वर्षीच्यावरून."

"आणि पहिल्यांदा?"

पहिल्यांदा काय झालं याचा दहाटक्क्यांनी कधी विचार केला नव्हता. सृष्टीलाही कधीतरी सुरुवात झालीच असेल, पण तिच्याबद्दल हिशेब शाखेला कुणी विचारत नाही.

"तुम्ही माणसांची संख्या दहा टक्क्यांनी वाढवलीत," मोठ्या बाई शांतपणे म्हणाल्या, "आणि एका माणसाचं पाणीसुद्धा दहा टक्क्यांनी वाढवलंत. दरवर्षी. या हिशेबाने आपल्या नातवंडांच्या वेळेला एक माणूस रोज एक विहीर संपवेल."

बैठकीत कुणी हसलं नाही. सगळे आपापल्या कागदात बघू लागले, म्हणजे हसण्यापेक्षा वाईट. फक्त शेजारी बसलेल्या सांडपाणी साहेबांच्या चेहऱ्यावर थोडी टवटवी आली. हे सांडपाण्याच्या बाजूचे अभियंता. त्यांच्या वाट्याची तरतूद आजवर कुणी मोजलेली नव्हती. पाण्याचा जो आकडा असेल त्यातला ठरावीक भाग गटारात जातो असं धरून त्यांना ती जोडपत्रासारखी मागून चिकटवली जात असे. त्यामुळे दहाटक्क्यांना कुणी बोललं की त्यांना आतून बरं वाटे.

"एक खरं घर घ्या," मोठ्या बाईंनी सांगितलं. "आत पाणी किती येतं, बाहेर किती जातं, मोजा. महिनाअखेर मला कागद द्या. यंदाच्या सगळ्या तरतुदी त्यावर बसवू."

"पाहणीसाठी खर्चाची तरतूद..." दहाटक्क्यांनी विचारलं.

"आहे का?"

तरतूद नव्हती. ती करायची होती दहाटक्क्यांनीच, आणि मागच्या वर्षी ती शून्य होती. शून्यावर दहा टक्के चढवून त्यांनी ती शून्यच ठेवली होती. तेव्हा ज्या घराला भाडं, भत्ता, मानधन काही द्यावं लागणार नाही असं शहरात एकच घर उरलं, ते म्हणजे त्यांचं स्वतःचं.

घर तीन मजली इमारतीत, मधल्या मजल्यावर. घरात आई, पत्नी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. नळाला मीटर होता, पण त्याच्या काचेत आतून धुकं साचलं होतं आणि खातं बरीच वर्षं 'सरासरी' लावून बिल पाठवत असे. ती सरासरी दहाटक्केच काढत. त्यांनी खात्याच्या भांडारात जाऊन नवा मीटर मागितला.

"नव्या जोडणीला मिळतो, नाहीतर वादग्रस्त ग्राहकाला," भांडारातला कारकून म्हणाला. "तुम्ही वादग्रस्त आहात का?"

"अजून तरी नाही."

"मग आधी तक्रार टाका."

दहाटक्क्यांनी आपल्याच खात्याविरुद्ध रीतसर तक्रार टाकली. ती खिडकीवर शिक्का खाऊन, दोन टेबलं फिरून, अभिप्रायासाठी पाणीबिल शाखेच्या गठ्ठ्यात त्यांच्याच टेबलावर आली. दुपारची वेळ होती, गठ्ठा मोठा होता. हात सवयीने चालत होता. 'ग्राहकाच्या तक्रारीत तथ्य आढळत नाही' असं लिहून त्यांनी सही केली, आणि अर्जदाराचं नाव वाचलं तेव्हा कागद पुढे गेलेला होता.

आता अपील करायचं तर तेही त्यांच्याकडेच येणार होतं. त्यांनी मीटरचा नाद सोडला आणि येताना तांबड्या रंगाची एक डबी आणि बारीक कुंचला आणला. संध्याकाळभर बसून घरातल्या सगळ्या बादल्या, तपेली, पातेली आणि आईचा तांब्या यांवर त्यांनी आतून मापाच्या खुणा केल्या. न्हाणीघराच्या दारावर आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एकेक तक्ता डकवला. माणसाचं नाव, कारण, किती खुणा.

"मी चूळ भरते ती पण लिहू का रे?" आईने विचारलं.

"लिही."

"एक एक चूळ?"

"एकदम लिहिलीस तरी चालेल, पण खरी लिही. शहराच्या चुळा त्यावर ठरणार आहेत."

आईने त्या दिवसापासून चुळा भरणं जवळजवळ बंद केलं. साऱ्या शहराच्या चुळांची जबाबदारी आपल्या गालावर घ्यायला ती तयार नव्हती. मुलीने तक्ता एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि म्हणाली, "बाबा, माझ्या आंघोळीला किती बादल्या लागतात हे तुमच्या ऑफिसात वाचून दाखवणार?" मग ती टॉवेल खांद्यावर टाकून मैत्रिणीकडे आंघोळीला जाऊ लागली. पाहुण्यांना पाणी हवंय का असं विचारताना घरातला प्रत्येक जण किंचित थांबू लागला. फोटो काढायचा म्हटलं की माणसं जशी पोट आत घेतात, तसं ते घर पोट आत घेऊन उभं होतं. दहाटक्क्यांना हे दिसत नव्हतं असं नाही. पण तक्त्यावर उतरणारे आकडे इतके सुबक होते की त्यांनी तिकडे बघितलं नाही.

एका माणसाने मात्र पोट आत घेतलं नाही, ती म्हणजे त्यांची पत्नी. तिचा एक नेम होता. इमारतीच्या फाटकाशी झाडाखाली एका तिवईवर मोठा माठ होता. रस्त्याने जाणारायेणारा, पत्रं वाटणारा, भाजीची गाडी ढकलणारा, कुणीही थांबून त्यातलं पाणी प्यावं. सकाळी उठून तो माठ घासायचा, भरायचा, वर झाकण आणि झाकणावर पेला ठेवायचा, आणि तो भरल्याशिवाय आपल्या तोंडात पाण्याचा थेंब घालायचा नाही. हे तिने कुणाला सांगितलेलं नव्हतं. दहाटक्क्यांना ते लग्नानंतर फार वर्षांनी कळलं, तेही एकदा मोठी वाहिनी फुटली आणि संध्याकाळपर्यंत तिने चहा घेतला नाही म्हणून. "डोकं दुखेल की तुझं," ते म्हणाले होते. "रोज थोडंच दुखतं," ती म्हणाली होती. त्यानंतर तो विषय पुन्हा निघाला नाही.

आता निघाला. तक्त्यापुढे उभं राहून तिने विचारलं, "अहो, माठाचं कुठे लिहायचं?"

दहाटक्क्यांनी तक्ता पाहिला. पिणं, स्वयंपाक, आंघोळ, धुणं, भांडी, इतर. "ते पाणी पितं कोण?"

"येणारा जाणारा."

"तो घरातला सदस्य नाही. त्याला रकाना नाही."

"मग 'इतर'मध्ये?"

"इतर म्हणजे घरातलं इतर. फरशी वगैरे."

तिने थोडा विचार केला. तिचा विचार करण्याचा आवाज होत नसे. "मग माझ्या नावावर घाला," ती म्हणाली. "नेम माझाच आहे."

तेव्हा माठ तिच्या नावावर 'पिणं' या रकान्यात पडू लागला.

इमारतीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. तळमजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. शाळा सुटली तरी त्यांची शिकवण्याची खोड सुटली नव्हती. ते जिन्यात दहाटक्क्यांना अडवून म्हणाले, "आत येणारं मोजलंत, छान केलंत. पण हे अर्धंच गणित झालं. बाहेर जाणारं?"

"ते गटारात जातं, सर."

"मग गटारात मोजा. मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगत असे, उत्तर काढलं की ताळा करा."

दहाटक्क्यांना ते पटलं. मागच्या अंगणात सांडपाण्याचं चेंबर होतं. रविवारी सकाळी त्यांनी पहारीने त्याचं झाकण उचकटलं, नाकाला रुमाल बांधला आणि खुणा केलेली एक काठी व घड्याळ घेऊन ते स्टुलावर बसले. पाणी काठीवर किती चढतं हे बघून ते कागदावर टिपू लागले.

वरच्या मजल्यावरच्या वकीलबाई गॅलरीत केस विंचरत होत्या. "काय हरवलंय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. शासकीय काम आहे."

"शासकीय असेल तर कचेरीच्या वेळात करा. खाजगी असेल तर सोसायटीची परवानगी काढा. आणि आम्हाला नाश्ता करायचाय, तेव्हा दोन्ही असलं तरी झाकण लावा."

आई मधल्या खिडकीतून हळूच म्हणाली, "अरे, लोक बघतायत."

"बघू दे."

"तसं नव्हे रे. तुझे वडील गेले तेव्हासुद्धा इतके लोक नव्हते."

समोरच्या इमारतीतल्या कुणीतरी, एक इसम तोंड बांधून गटारापाशी संशयास्पद रीतीने बसला आहे, अशी तक्रार केली. ती सांडपाणी विभागाकडे गेली आणि गाडी भरून माणसं आली. मागोमाग स्वतः सांडपाणी साहेब आले. ते आले तेव्हा कपाळावर आठ्या होत्या. स्टुलावर कोण बसलंय आणि काय मोजतंय हे कळलं तेव्हा त्या एकेक करून उतरल्या. ते दहाटक्क्यांच्या शेजारी उकिडवे बसले.

"मोजताय?" त्यांनी विचारलं. "आमचं?"

"ताळा करतोय."

"इतकी वर्षं नोकरी केली," सांडपाणी साहेब चेंबरकडे बघत म्हणाले, "पण इथवर चालत येऊन कुणी विचारलं नाही हो, की तुमच्याकडे किती येतं." आणि त्यांनी स्वतः काठी धरली.

दोघांनी मिळून काढलेला आकडा घरात येणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट निघाला. म्हणजे दहाटक्क्यांच्या घरात जेवढं पाणी येत होतं त्याहून पुष्कळ जास्त बाहेर पडत होतं. दोन जबाबदार अधिकाऱ्यांनी यावर गंभीरपणे चर्चा केली. मुख्याध्यापकांनी 'ओलावा' असं एक कारण सुचवलं. त्या चेंबरमध्ये तिन्ही मजल्यांचं पाणी एकत्र येतं, ही गोष्ट एक हिशेबनीस, एक अभियंता, एक वकील आणि एक शिक्षणतज्ज्ञ यांपैकी कुणाच्याही ध्यानात आली नाही. आकडा सांडपाणी साहेबांना इतका आवडला होता की त्यांनी तो तिथल्या तिथे सही करून घेतला.

महिनाअखेर दहाटक्क्यांनी कागद मोठ्या बाईंपुढे ठेवला. त्यांनी तो वरून खाली वाचला आणि एका ओळीवर थांबल्या.

"या कोण?"

"माझी पत्नी."

"या रोज एवढं पाणी पितात?"

"पीत नाही, बाई. म्हणजे कागदावर पिते."

"यांना डॉक्टरकडे नेलंत का? मी चेष्टा करत नाही. माझ्या एका मावशीचं असंच झालं होतं."

दालनाचं दार उघडं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या खात्याला कळलं की दहाटक्क्यांच्या मंडळींना तहानेचा काहीतरी भयंकर आजार आहे. एकाने डॉक्टरचा पत्ता दिला. टंकलेखन करणाऱ्या बाईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "कधीपासून हो?" भांडारातला कारकून तर स्वतः उठून आला आणि म्हणाला, "आधी सांगितलं असतंत तर मीटर दिला असता."

दहाटक्क्यांना ते सहन होईना. घरातलं माणूस कॅन्टीनमध्ये चर्चेला आलेलं त्यांना आवडलं नाही. ते टेबलावर परतले, पट्टी घेतली आणि ती ओळ सरळ, नीट, तांबड्या शाईने काढून टाकली. सुधारित कागद वर गेला. त्यात माठ नव्हता.

संध्याकाळी पत्नीने चहा पुढे ठेवत विचारलं, "माठ शेवटी कुणाच्या नावावर गेला?"

"कुणाच्याच नाही. वगळला. उगाच गैरसमज होत होते."

ती "बरं," म्हणाली.

तिचं हे 'बरं' नेहमीचंच होतं. त्यात राग नव्हता, टोमणा नव्हता, काहीच नव्हतं. दहाटक्के रात्रीपर्यंत त्यात काय नव्हतं ते शोधत राहिले.

मोठ्या बाईंनी सुधारित कागद ताबडतोब मंजूर केला. चुळा न भरणाऱ्या, आंघोळीला बाहेर जाणाऱ्या आणि पाहुण्याला पाणी विचारताना थांबणाऱ्या कुटुंबाचा आकडा शहराचा दरडोई आकडा झाला. पाण्याची तरतूद निम्म्याने उतरली. सांडपाण्याची तिपटीने चढली. शहर आता जेवढं पाणी घेणार होतं त्याच्या कितीतरी पट सांडणार होतं, आणि त्यासाठी जाड नळ टाकायचं ठरलं. सांडपाणी साहेबांनी खात्यात सगळ्यांना चहा पाजला.

"पण एकदम सगळ्या शहराला नको," मोठ्या बाई म्हणाल्या. "आधी एका गल्लीत करून बघू. आकडा जिथून आलाय तिथेच."

अशा रीतीने दहाटक्क्यांच्या गल्लीतलं पाणी निम्मं झालं.

पहिले काही दिवस गल्लीला वाटलं, कुठेतरी नळ फुटला असेल. मग मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्रात बातमी वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि जिन्यात येऊन उभे राहिले.

"तुम्ही?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आकडा माझा आहे," दहाटक्के म्हणाले. "ताळ्याची सूचना तुमची होती."

त्यानंतर इमारतीत त्यांच्याशी कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. जिन्यात ते दिसले की वकीलबाई रिकामी बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेत आणि कुणाकडेही न बघता म्हणत, "आमच्याकडे येणाऱ्यापेक्षा जाणारं जास्त असतं म्हणे. मग येणारं येत नसेल तर जाणारं तरी परत आणून द्या." मुलीची मैत्रीणही याच गल्लीतली, तिच्या आईने एके दिवशी दारातच सांगितलं, "आता तू तुझ्याच घरी कर गं आंघोळ, तुझ्या बाबांनी आमच्याकडे तुझ्यापुरतं काही ठेवलं नाही." मुलगी कोरडी परत आली आणि वडिलांकडे न बघता खोलीत गेली.

पत्नी पाणी येईल तेव्हा पहिल्यांदा खाली जाई आणि माठ भरे. घराला उरेल ते घराला. पण पाणी उशिरा येऊ लागलं, मग आणखी उशिरा. सकाळ सरे, ऊन अंगणात उतरे, आणि तिच्या ओठांना भेगा पडलेल्या दिसत.

"थोडं पी," एके दिवशी दहाटक्के म्हणाले. "हंड्यात आहे थोडं."

"तो भरू दे."

"तो कधी भरायचा? मीच पाणी कमी केलंय."

"माहीत आहे," ती म्हणाली. "कमी असलं तरी येईल. येतंच."

"एवढ्या उन्हात नेम थोडा ढिला केला म्हणून काय बिघडतं?"

ती हसली. "तुम्ही दहा टक्के कधी ढिले केलेत का?"

दहाटक्क्यांनी टोपी घातली आणि ते वेळेआधी कचेरीत निघून गेले.

त्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी गल्ली बघायला यायचं ठरवलं. बरोबर सांडपाणी साहेब. दहाटक्क्यांना वाट दाखवायला पुढे ठेवलं. त्यांना स्वतःच्या घराची वाट एवढी लांब कधी वाटली नव्हती. ऐन दुपार, पाणी सकाळपासून आलेलं नाही, आणि इमारतीच्या फाटकाशी सगळे जमलेले. वकीलबाईंच्या हातात नोटीस होती, 'सदर इमारतीत थेंबभरही पाणी उरलेले नाही' अशी सुरुवात असलेली. मुख्याध्यापकांच्या हातात गणित होतं. पत्नी मागे झाडापाशी उभी होती, पदर डोक्यावरून घेऊन, उन्हाने चेहरा उतरलेला.

मोठ्या बाई गल्लीभर चालत आल्या होत्या. चेहरा लाल झालेला. त्यांनी माठ पाहिला, कुणाला न विचारता झाकण काढलं, पेला आत घातला. पेला तळाला लागल्याचा कोरडा आवाज आला.

"हा रिकामा कसा?" त्यांनी विचारलं.

सगळ्यांनी दहाटक्क्यांकडे पाहिलं. एरवी त्यांच्यापाशी अशा प्रश्नांना उत्तर असे. 'पूर्वापार', 'तरतूद नाही', 'वर विचारून सांगतो', 'तथ्य आढळत नाही'. त्यांनी झाडाखाली उभ्या असलेल्या बायकोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. कोरड्या पेल्याकडे बघत होती.

"तो मी वगळला, बाई," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"ज्या ओळीवरून तुम्ही डॉक्टरचं विचारलंत ती ओळ या माठाची होती. त्याला रकाना नव्हता म्हणून पत्नीच्या नावावर घातली होती. मग लाज वाटली म्हणून काढून टाकली. तो भरल्याशिवाय ती पाणी पीत नाही. आज सकाळपासून प्यायलेली नाही. आणि बाकीचे आकडेही..." ते थांबले, मग म्हणाले, "आई चुळा भरत नव्हती, मुलगी बाहेर आंघोळीला जात होती. आम्ही सगळे मोजले जात होतो, म्हणून चांगले वागत होतो. आणि ते चेंबर तिन्ही मजल्यांचं आहे."

सांडपाणी साहेबांनी डोळे मिटले.

"सकाळपासून?" वकीलबाई दहाटक्क्यांच्या पत्नीकडे वळल्या. "अहो, मग बोलायचं नाही?" आणि तरातरा वर गेल्या. उतरल्या तेव्हा एका हातात नोटीस तशीच होती आणि दुसऱ्या हातात भरलेली कळशी. मुख्याध्यापक आपल्या घरात शिरले आणि पलंगाखालून एक पिंप ओढत आणलं. समोरच्या इमारतीतून कुणी घागर आणली. मुलीच्या मैत्रिणीच्या आईने दोन बाटल्या आणल्या आणि मुलीच्या हातात दिल्या. 'थेंबभरही' नसलेल्या इमारतीतून इतकं पाणी निघालं की माठ काठोकाठ भरून खाली ओघळ गेला. मोठ्या बाई नोटिशीकडे आणि कळशीकडे आळीपाळीने बघत होत्या.

"हे राखीव आहे," वकीलबाई जराही न डगमगता म्हणाल्या. "नोटीस चालू पाण्याबद्दल आहे."

पत्नीने माठावर झाकण ठेवलं, पेला विसळला, भरला आणि आधी मोठ्या बाईंना दिला. मग सांडपाणी साहेबांना. ते दोन पेले प्यायले. तिसऱ्याला थांबून म्हणाले, "एक शंका आहे. मी इथे प्यायलो, पण जाणार माझ्या घरी. मग हे सांडपाणी धरायचं कुठलं? इथलं की तिथलं?"

"प्यालेला माणूस जिथे जाईल तिथलं," मुख्याध्यापक म्हणाले.

"आणि तो चालतच राहिला तर?"

"तर घाम," वकीलबाई म्हणाल्या. "घामावर पालिकेचा अधिकार नाही."

हा वाद बराच चालला. त्या भरात कुणाचंच लक्ष नव्हतं तेव्हा दहाटक्क्यांच्या पत्नीने पेला पुन्हा विसळला आणि झाडाकडे तोंड करून, सगळ्यांच्या शेवटी, पाणी प्यायली. दहाटक्क्यांचं मात्र लक्ष होतं.

मोठ्या बाईंनी जाताना एवढंच सांगितलं, "आकडे पुन्हा बसवा. चांगलं न वागणारी घरं घ्या. मोजायला तरतूद मी देते. आणि या माठाला अंदाजपत्रकात लेखाशीर्ष द्या."

"असं शीर्ष नाही, बाई."

"शीर्षं कोण करतं?"

ती दहाटक्केच करत.

नवं अंदाजपत्रक तयार झालं तेव्हा त्यात घरगुती वापराच्या खाली एक नवी ओळ होती. 'फाटकाबाहेरचा इसम: दर घरामागे एक.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'नाव, पत्ता माहीत नाही. रोज येतो.' सांडपाणी साहेबांनी या इसमाचा निम्मा भाग आपल्याकडे मागितला आणि तिथेही भांडण होऊन शेवटी चौथाई मिळवली. गल्लीचं पाणी पूर्ववत झालं. आई पुन्हा दणदणीत चुळा भरू लागली.

पक्की प्रत वर पाठवण्याआधी दहाटक्क्यांनी ती घरी आणून पत्नीला दाखवली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं, त्यामुळे दोघांनाही जरा अवघडल्यासारखं झालं. तिने चष्मा लावून ती ओळ वाचली, मग तिच्यापुढचा आकडा वाचला.

"माठात एवढं मावत नाही," ती म्हणाली. "थोडं जास्त झालंय."

"दहा टक्के आहेत वरचे."

"ते कशाला?"

दहाटक्क्यांनी घसा साफ केला. इतक्या वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. "एखादा जास्त तहानलेला आला तर," ते म्हणाले.

"बरं," ती म्हणाली.

मग तिने तांबड्या खुणांची बादली नळाखालून उचलली आणि ती माठ भरायला खाली निघाली. वरच्या खुणेच्याही वर पाणी होतं, चालताना काठाशी हिंदकळत होतं. दहाटक्क्यांनी सवयीने नजरेनेच ते किती टक्के असेल याचा हिशेब केला. उत्तर आलं, पण ते त्यांनी कुठे लिहून ठेवलं नाही.